घरी कोण कोण?

मुलाखत दहा मिनिटांची झाली. तयारी मी पाच दिवस केली होती. त्या तयारीतलं बरंचसं कामाला आलं. एक उत्तर मात्र मी तिथं गेल्यावर बदललं. ते बदललं म्हणून नोकरी मिळाली, का तसंही मिळाली असती, हे मला आजवर कळलेलं नाही. मी चौथी पास आहे. लिहायची सवय नाही. जमेल तसं सांगते.

आम्ही पिंपरीला राहत होतो. मुंबईच्या रस्त्याच्या कडेनं तेव्हा बाभळीच जास्त होत्या आणि त्यांच्यामधून एकेक कारखाना वर येत होता. नवरा सुतार. नव्या इमारतींच्या परांच्या बांधायचं काम त्यांना मिळालं होतं. एका दुपारी ते परांचीवरून खाली आले. कमरेखालचं अंग गेलं. हात चांगले, डोकं चांगलं, बोलणं तर आधीपेक्षा जास्त. पण उठून बसवायलासुद्धा दुसरं माणूस लागायचं. असे आठ महिने गेले. चाळीतली एक खोली, खोलीत एक बाज, बाजेवर ते. खाली मी आणि दोन पोरी. थोरली अकरा वर्षांची, धाकटी पाच.

मी शेजारपाजारच्या गोधड्या शिवायची, शेंगा फोडायला आणायची. त्यावर चार तोंडं चालत नाहीत. हे मला कळत होतं आणि थोरल्या दिरांनाही कळत होतं.

दीर चाकणच्या पलीकडे गावी राहायचे. माणूस वाईट नव्हता. आठ महिने जोंधळ्याचं पोतं त्यांनीच पोचवलं. एका रविवारी आले, भावाच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "फुडल्या शनवारी गाडी घिऊन येतो. बांधाबांध करून ठेवा. गोठ्याच्या अंगाला जागा करतोय."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरीचंबी जमवलंय."

खेडच्या अंगाचा एक बिजवर होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्याचा थोरला मुलगा माझ्या थोरलीच्या वयाचा.

मी म्हटलं, "त्याचं वय काय, हिचं काय?"

"वय काय बघतीस? माणूस बघ."

"माणूसच बघतीय."

"मग सोन्यासारखा आणून दे तू. हाय का कुठं?"

नव्हता. पोरगी दारात बसून सगळं ऐकत होती. अकराव्या वर्षी लग्न करायचं नाही असा कायदा होता म्हणे. कायदा चाकणच्या पुढं पायी जात नव्हता. दीर गेले. मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही का बोलला न्हाई?"

ते म्हणाले, "ज्याच्या गोठ्यात पडायचं त्याच्याशी भांडू कसा?"

त्याच संध्याकाळी शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी सांगितलं की औषधाच्या कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली आहे. शिश्या भरायच्या, तपासायच्या खात्यात बायका घ्यायच्या आहेत. चौथी पास हवी. शुक्रवारी मुलाखत. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे, एकटे होते आणि दुसऱ्याच्या कामात त्यांना उत्साह फार. माझा शाळेचा दाखला ट्रंकेच्या तळाशी होता. कोपरे उंदरानं खाल्लेले, पण "उत्तीर्ण" शाबूत होतं.

शनिवारी गाडी, शुक्रवारी मुलाखत. एवढंच होतं. दुसरी कुठली वाट असती तर मी कारखान्याच्या फाटकाशी गेलेच नसते. बायकांनी कारखान्यात जाणं तेव्हा चांगलं समजत नसत.

मास्तरांनी वहीच्या पानावर प्रश्न लिहून दिले. पूर्ण नाव. वय. शिक्षण. काय काम येतं. नोकरी कशाला हवी. घरी कोण कोण. पाळीला याल का. म्हणाले, "साहेब कुठलाही असो, हेच विचारतो. उलटसुलट करून विचारेल, पण हेच."

मग त्यांनी तिथंच माझी मुलाखत घ्यायला सुरुवात केली. "काय काम येतं तुम्हाला?"

"सैपाक."

"तो सगळ्यांना येतो."

"भांडी, धुणं, शेणगोठा."

"कारखान्यात म्हैस नाही, बाई. दिवसभर बसून काय करता?"

"गोधड्या शिवते."

"हे सांगा. तीन-तीन तास मान वर न करता टाका घालते, हात हलत नाही, नजर चांगली आहे. त्यांना हेच हवंय. सैपाक त्यांना काय करायचाय?"

मग विचारलं, "नोकरी कशाला हवी?"

मी म्हटलं, "न्हाईतर शनवारी पोरीला नेत्याल."

मास्तरांनी पोरीकडं बघितलं. मग म्हणाले, "हे सांगू नका. गरज तिथं आलेल्या प्रत्येकीला असणार. तुमची गरज ऐकून साहेबाला वाटतं, ही बाई अडचणी घेऊन येणार. म्हणा, काम स्वच्छ आहे, जवळ आहे, मला जमेल, मी खाडा करणार नाही."

"आणि मालकांचं विचारलं तर?"

"खरं सांगा, पण थोडक्यात. पडून आहेत, बघायला शेजारी आहेत, मी आहे. रडू नका. आणि एक ध्यानात ठेवा. विचारलं तेवढंच सांगायचं. प्रश्न संपला की उत्तर संपवायचं. माणूस जास्त बोलून नोकरी घालवतो, कमी बोलून कुणाची गेलेली मी पाहिली नाही."

मी विचारलं, "व्हय-न्हाई म्हनलं तर चालंल का?"

"चालेल. काम हातानं करायचंय, जिभेनं नाही."

मास्तर शाळेत गेले की तो कागद थोरली घ्यायची. ट्रंकेवर बसायची, बापाची सुतारकामाची जाड पेन्सिल कानावर ठेवायची आणि घसा खाकरायची. आपल्याच लग्नाचा विषय आहे हे तिला माहीत होतं. त्यामुळे ती साहेबापेक्षा कडक होती.

नवरा बाजेवरून म्हणाला, "सायेब कानावर पेन्सिल ठेवत न्हाईत."

"तुम्ही बघितलाय का सायेब?"

"पडताना बघितला एक. खाली छत्री घिऊन उभा हुता."

पोरगी हसली नाही. "बाई, पूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं आणि थांबले.

"फुडं?"

"तुला म्हाईत हाय की."

"सायबाला म्हाईत न्हाई."

इथं माझं अडलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं नाव मी एकदाही साधं घेतलं नव्हतं. लग्नात, सणाला उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी "अहो", "मालक", "पोरीचं बाप". त्यांच्या नावाचा एक देव होता, त्या देवाचंसुद्धा मी वळसा घालून बोलायची. आमच्यात सगळ्याच बायका अशा. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. त्याचं आयुष्य परांचीनंच कमी करून ठेवलं होतं, तरी जीभ उचलेना.

नवरा म्हणाला, "घे की. मी कान झाकतो." त्यांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवले आणि डोळे मिटले. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग सायबाफुडं उखाणा घे," ते कान झाकूनच म्हणाले. "शिश्या भरते रांगेत, अमुकरावांचं नाव घेते साहेबांच्या टांगेत."

"पोरगी हाय समोर," मी म्हटलं.

"म्हणून तर टांग म्हणालो."

सोमवार असाच गेला, मंगळवारही. पोरगी चिडून रडायला आली. "तुला एक नाव घेता येईना आणि माझं लगीन लावतायत," म्हणाली. बुधवारी मी धुणं घेऊन पवनेवर गेले. लांबच्या दगडावर बसले, जिथं बाकीच्या बायका नव्हत्या. कपडा आपटला की एकदा नाव घ्यायचं, असं ठरवलं. पहिल्या धोतराला ओठ नुसते हलले. दुसऱ्याला आवाज आला. बादलीतलं धुणं संपेपर्यंत मी नवऱ्याला शंभर वेळा दगडावर आपटलं. घरी आल्यावर पोरीनं विचारलं आणि मी एका दमात सांगितलं. नवरा बाजेवर होता. ऐकलं त्यांनी. तोंड भिंतीकडं केलं.

गुरुवारी पिठाच्या गिरणीत मला निर्वासितांच्या कँपातली एक बाई भेटली. फाळणीत तिकडून आलेली, त्या कारखान्यात चार महिन्यांपासून कामाला होती. तिचं मराठी तोडकंमोडकं होतं, पण समजायला काही अडचण नव्हती. मी विचारलं, आत काय काय लागतं.

ती म्हणाली, "बांगडी नाय चालत. काच नाय, फूल नाय, पिंजर नाय. गळ्यात लटकतं ते पण नाय. औषधात पडलं तर पुरी पेटी फेकतात."

"आणि विचारतात काय?"

"घरचं विचारतात. मागच्या टायमाला एक आली होती. हुशार. तिचा आदमी बिमार, बिस्तऱ्यावर. साहेब बोलला, त्याचं कोण करणार, तू रोज सुट्टी मागणार. वापस केली."

मी डबा उचलला आणि घरी आले. मास्तरांना हे सांगितलं नाही. ते म्हणाले असते, तरीही खरं सांगा.

शुक्रवारी सकाळी मी बांगड्या काढायला बसले. मला वाटलं, काम करायला तयार होऊन जावं. साहेबानं बघितलं की कळेल, हिला आतलं माहीत आहे, हिला शिकवावं लागणार नाही. साबण लावला तरी हिरव्या काचेच्या बांगड्या तेरा वर्षं भरलेल्या हातांतून निघेनात. शेवटी हात पाट्यावर ठेवून वरवंट्याच्या टोकानं एकेक वाढवली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फुटते ती नवरा गेल्यावर.

नवरा बघत होता. "काय करतीस?"

"कामाची तयारी."

"ते काम मी मेल्यावर करायचं असतंय."

"तवर थांबायला येळ न्हाई."

ते हसले. खरंच हसले, दम लागेपर्यंत. मी कपाळावरची पिंजर पुसली, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं, केसांना घट्ट गाठ मारली. पोरगी म्हणाली, "आई, तू वेगळीच दिसतीस." मी म्हटलं, कारखान्यात असंच लागतं.

माझी चूक मला कारखान्याच्या व्हरांड्यात कळली. तिथं वीस-बावीस बायका बसल्या होत्या आणि एकूणएक नटून आलेल्या. हातभर बांगड्या, कपाळभर कुंकू, दोघीतिघींनी गजरेसुद्धा माळलेले. बांगड्या आत गेल्यावर पाळीच्या सुरुवातीला काढायच्या असतात, खुंटीला अडकवायच्या असतात, सुटी झाली की परत घालायच्या. घरून कुणी काढून येत नाही. मीच एक पांढऱ्या कपाळाची. मी बसायला गेले तशी एक नवी नवरी पदर सावरून बाजूला सरकली. माझा पदर लागू नये म्हणून. दुसरी म्हातारीसारखी बाई होती, तिनं जागा दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "इतक्या कमी वयात गं. किती दिस झालं?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पाणी कुठं मिळतं?" आणि उठून पाणी प्यायला गेले.

हे सगळं चुकून झालं असं मी म्हणणार नाही. बांगड्या चुकून काढल्या. पुढचं चुकून नाही.

आत तीन साहेब होते. मधला जाड चष्म्याचा, तोच बोलत होता. शेजारी एक कारकून लिहून घेत होता.

"पूर्ण नाव?"

मी सांगितलं. नवऱ्याचं नाव अडलं नाही, अडखळलं नाही. दगडावर आपटून आपटून गुळगुळीत झालं होतं. साहेबानं वर बघितलं. त्या दिवशी बहुतेक बायका नाव घेताना लाजल्या असणार, थांबल्या असणार. नवरा जिवंत असलेली बाई अशी धडाधड नाव घेत नाही. त्याची नजर माझ्या कपाळावर गेली, मग हातांवर. मग त्यानं आवाज खाली आणला.

"वय?"

"सव्वीस."

"काय काम येतं?"

मी गोधडीचं सांगितलं. टाका, नजर, तीन तास मान वर नाही. नोकरी कशाला हवी विचारलं, तर म्हटलं, काम स्वच्छ आहे, जवळ आहे, मी खाडा करणार नाही. मास्तरांचा शब्दन् शब्द.

मग साहेबानं समोरच्या कागदाकडं बघितलं. त्यावरचा पुढचा प्रश्न "नवरा काय करतो" असा असणार, पण सभ्य माणूस होता, तो त्यानं विचारला नाही. म्हणाला, "घरी कोण कोण?"

पोरीसमोर मी हे उत्तर वीस वेळा दिलं होतं. मालक, दोन मुली, मी. मालक पडून आहेत, बघायला शेजारी आहेत.

मी म्हटलं, "दोन मुली."

एवढंच. विचारलं तेवढंसुद्धा सांगितलं नाही, त्यातलं एक माणूस कमी सांगितलं. साहेबानं मान हलवली आणि कारकुनाला म्हणाला, "विधवा लिहा." कारकुनाच्या टाकाचा आवाज मला ऐकू आला. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले.

मग त्यानं दहा शिश्यांचा ट्रे पुढं केला. पाण्यासारखं औषध. "यातली एक खराब आहे. उजेडात धरून शोधा."

मी एकेक शिशी खिडकीकडं धरली. चौथीत केसाएवढा धागा होता. ती बाजूला ठेवली. तरी मी थांबले नाही, कारण गोधडी शिवणाऱ्या बाईला एका उसवलेल्या टाक्यावर थांबायची सवय नसते. नवव्या शिशीत तळाशी काचेचा कण होता. तीही बाजूला ठेवली.

साहेब म्हणाला, "एकच खराब आहे, बाई."

"दोन हाईत."

त्यानं नववी शिशी घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीशी गेला. परत येऊन दुसऱ्या साहेबाशी इंग्रजीत काहीतरी बोलला. दोघं हसले. मला म्हणाला, "सोमवारी पहिल्या पाळीला या."

त्या दोन शिश्यांचं मी पुढं खूप वर्षं डोक्यात घेतलं. घरचा प्रश्न आधी आला आणि शिश्या नंतर. शिश्या आधी आल्या असत्या तर मी खरं बोलले असते का, आणि खरं बोलले असते तर त्या शिश्यांवर मला घेतलं असतं का. साहेब सभ्य होता. पण सभ्य माणूसच गिरणीतल्या बाईनं सांगितलेल्या त्या हुशार बाईला परत पाठवणारा होता. यातून काही निघत नाही. मी ते सोडून दिलं.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, "कसं झालं?"

"मिळाली."

"मालकांचं विचारलं?"

"न्हाई विचारलं." हे खरं होतं.

नवऱ्याला मात्र सगळं सांगितलं. मध्ये काही गाळलं नाही. ते छताकडं बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी गेलो."

"कागदावर."

"कधीपास्नं?"

"तारीख न्हाई विचारली."

"विचारली तर परांचीची सांग. खोटं पडायचं न्हाई."

शनिवारी ऊन चढल्यावर दिरांची गाडी आली. पहाटे निघून मोशीची नदी ओलांडून आलेले, बैल घामाघूम झालेले. मी चाळीच्या नळावर हंडा लावून उभी होते. कपाळ मोकळं, हात मोकळे. कारखान्याची माणसं आमच्या चाळीवरूनच जायची-यायची, म्हणून मी शुक्रवारपासून काही घातलं नव्हतं. दिरांनी लांबून मला बघितलं आणि कासरा सोडून दिला. गाडीतून उतरले ते रस्त्यातच खाली बसले. दोन्ही हातांनी कपाळ बडवायला लागले. "अरं माझ्या भावा, शनवारपतूर तरी थांबायचं हुतंस रं." चाळीतली माणसं बाहेर आली. मी हंडा नळाखालून बाजूला केला.

आतून नवऱ्याचा आवाज आला, "दादा, आत ये. हाय मी अजून."

दीर उठले. डोळे पुसले. दारात येऊन भावाला बघितलं, मग मला बघितलं, आणि जे रडणं अर्धं राहिलं होतं त्याचा राग झाला. "जित्या नवऱ्याच्या उरावर बांगड्या फोडल्यास? कुठल्या घरात शिकलीस हे?"

"वाढवल्या," मी म्हटलं.

"जीभ बघ हिची. कशापायी?"

मी नोकरीचं सांगितलं. साहेबाचं, विधवा लिहिल्याचं, सोमवारच्या पाळीचं. दीर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आणि ह्यो इथं बाजेवर पडलेला कुनी बघितला म्हंजी? चाळीतलं कुनी कारखान्यात बोललं म्हंजी? खोटं बोलली म्हणून हाकलतील तुला आठ दिवसांत. मग माझ्याच दारात येशील. त्यापरीस आत्ता चल. पोरीचं तिकडं ठरलंय, मी शब्द दिलाय."

बोलणं बरोबर होतं. हे मला रात्रीपासून माहीत होतं. थोरली कोपऱ्यात कागद हातात घेऊन बसली होती, मास्तरांचा तोच. तिनं तो चुरगळून चुरगळून लगदा केला होता.

नवरा म्हणाला, "दादा, गाडी मोकळी नेऊ नगं. मला घाल गाडीत."

"तुला एकट्याला?"

"व्हय. ही सोमवारी पाळीला जाईल, मला उठवायला-बसवायला इथं कोण हाय? मी नसलो म्हंजी कुनी बघायचं न्हाई, कुनी बोलायचं न्हाई. तू शब्द दिला तो परत घे. पोरगी हितंच ऱ्हाईल. मी येतो की न्हाई तुझ्या गोठ्यात? मग तेवढ्यावर मिटव."

दीर म्हणाले, "लोकं काय म्हनत्याल? नवरा गावाला, बायको शहरात."

"लोकं म्हनत्याल, सुतार मेला. म्हनू दे."

मी म्हणाले नाही की जाऊ नका. कुणाला हे वाचून वाईट वाटेल. पण मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटल्याची लाज पुढं आली, त्या दिवशी नाही. मी गोधड्या आणल्या, गाडीत खाली तीन घातल्या, वर एक. मास्तर आणि दीर दोघांनी मिळून त्यांना उचललं. धाकटीला वाटलं, बापाला दवाखान्यात नेतायत.

गाडीत घातल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "तिथं सायबाफुडं नाव घेतलंस माझं?"

"घेतलं."

"काय वाटलं?"

"काय न्हाई वाटलं."

"बरं," ते म्हणाले. गाडी भोसरीच्या रस्त्याला लागली.

सोमवारी मी पहिल्या पाळीला गेले. बांगड्या काढायच्या खुंट्या होत्या, त्यातली माझी मोकळीच राहायची. कँपातल्या बाईनं माझ्याकडं बघितलं. गिरणीत भेटले तेव्हा माझे हात भरलेले होते हे तिनं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तू पक्की आहेस." पुढं आम्ही दोघी एकाच बाकावर वीस वर्षं बसलो, तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही तिच्या काही गोष्टी सांगितल्या नाहीत.

पंधरा दिवसांतून एकदा, सुटीच्या दिवशी मी गावी जायची. पिंपरीहून भोसरीपर्यंत चालत, तिथून एसटीनं चाकण, चाकणहून परत चालत. पिशवीत हिरव्या बांगड्या असायच्या, माझ्या मापापेक्षा एक माप मोठ्या, म्हणजे साबणाशिवाय जातात-येतात. चाकणच्या बाहेर एक विहीर होती. तिच्या कठड्याशी बसून बांगड्या चढवायच्या, कुंकू लावायचं, मंगळसूत्र घालायचं. परत येताना त्याच विहिरीवर उतरवायचं. सासरच्या गावात सवाष्ण, पिंपरीत विधवा. एकदा विहिरीवरच्या एका बाईनं विचारलं, "हे काय गं चाललंय?" मी म्हटलं, "नोकरी."

नवऱ्याला गोठ्याच्या अंगाला जागा होती ती बरी होती. जावेनं आबाळ केली नाही, प्रेमही केलं नाही. पडल्या पडल्या ते पोरांना भोवरे कोरून द्यायचे. मी गेले की विचारायचे, "कारखान्यात माझं बरं चाललंय ना?" आणि स्वतःच हसायचे. नंतर नंतर हसणं कमी झालं. पाठीला जखमा झाल्या. थोरली तोवर सातवी झाली होती. तिचं लग्न पुढं एकोणिसाव्या वर्षी झालं. संसार बेताचाच झाला, पण माणूस तिच्या वयाचा होता.

चौथ्या वर्षी एका मंगळवारी सकाळी चाकणहून पुण्याला चाललेला एक जण निरोप घेऊन फाटकाशी आला. मला आतून बोलावलं. निरोप ऐकला आणि मी सुपरवायझरकडं गेले. तोंडावरचं फडकं काढलं आणि सुटी मागितली.

त्यानं वही उघडली. "काय झालं?"

"गावाकडं एक जण वारलं."

"कोण लागत होते तुमचे?"

ह्या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. करायला चार वर्षं होती आणि केली नव्हती. नवरा म्हणायची सोय नव्हती, तो तिथं कधीच मेला होता.

"दीर," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. "दिरासाठी एक दिवस मिळतो. पुरेल?"

मी म्हटलं, पुरेल. त्या दिवशी चाकणच्या विहिरीवर बसून मी बांगड्या चढवल्या, कारण गावात शिरताना त्या हातात असायला हव्या होत्या. घरी गेल्यावर बायका त्या फोडायला पुढं आल्या. मी फोडू दिल्या नाहीत. हात खाली केले तशा त्या आपोआप घसरल्या, एक माप मोठ्याच होत्या. पिशवीत ठेवल्या. दीर ओट्यावर बसले होते. त्यांना सांगितलं, सुटी तुमच्या नावावर घेतली आहे. त्यांनी मान वर केली.

"मलाबी मारलंस व्हय?" म्हणाले. मग जरा सरकून त्यांनी ओट्यावर जागा केली. मी बसले. बुधवारी पहिल्या पाळीला हजर होते.